धुळे ते जळगाव, व्हाया मुंबई

धुळ्याहून जळगाव रस्त्याने नव्वदेक किलोमीटर. पारोळा, एरंडोल करत एसटी दोन-अडीच तासांत आणून सोडते. रेल्वेनेच जायचा हट्ट धरलात, तर मात्र आधी धुळे-चाळीसगाव हा ५६ किलोमीटरचा फाटा उतरायचा, चाळीसगावला गाडी बदलायची आणि मग पाचोऱ्यावरून जळगाव. एकूण दीडशेच्या आसपास. शिवाय चाळीसगावच्या फलाटावर बसून काढलेला वेळ वेगळा, तो कुठल्याच टाइमटेबलात नसतो.

इंजिनिअरिंगची चार वर्षं मी धुळ्याला मामांकडे होतो. हा रेल्वेचा उद्योग मी एकदाच केला, २०१७ च्या दिवाळीत, एसटीचा संप होता तेव्हा. सकाळी निघालेला मी दुपारी चारला घरी टेकलो. आई दारातच म्हणाली, "मुंबईहून आलास का रे?"

आईला कल्पना नाही ती किती खरं बोलून गेली!

झालं असं की, मध्यंतरी घरून काम करत होतो, जळगावला. मामांच्या इंटरनेटची तक्रार होती म्हणून इथून त्यांच्या राउटरला पिंग करून बघितला. उत्तर यायला २४ मिलिसेकंद. आता हा आकडा तुम्हाला चांगला वाटेल. मलाही वाटला असता, पण माझा धंदाच हा आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे १०० किलोमीटर जाऊन परत यायला १ मिलिसेकंद. जळगाव-धुळे जाऊन-येऊन १ मिलिसेकंदात व्हायला हवं. उरलेले २३ गेले कुठे?

ट्रेसराउट लावला. हे हत्यार वाटेतला एकेक थांबा दाखवतं. थांब्यांच्या नावांत सरळ सरळ मुंबई. माझी कंपनी वेगळी, मामांची वेगळी, आणि दोघींची गाठ पडते ती मुंबईत. म्हणजे जळगावच्या पॅकेटला धुळ्याला जायचं तर आधी मुंबई गाठावी लागते, तिथे गाडी बदलावी लागते आणि मग माघारी यावं लागतं. मामांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "काय सांगस रे! मंग एसटीच बरी."

असो. मामांचा प्रॉब्लेम शेवटी वायफायचाच निघाला. राउटर फ्रिजच्या मागे ठेवला होता :-)

मुद्दा असा, की नकाशावरचं अंतर आणि वाटेवरचं अंतर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझी नोकरी या दोहोंमधल्या फरकावर नजर ठेवण्याची आहे. आमच्या कंपनीचं काम क्लाऊडवर चार ठिकाणी पसरलेलं आहे: मुंबई, हैदराबाद, सिंगापूर आणि फ्रँकफर्ट. क्लाऊडच्या भाषेत ही रीजन्स. (मोठ्या कंपन्यांची भारतात दोन-दोन रीजन्स असणं ही तशी अलीकडची चैन. ॲमेझॉनचं मुंबई रीजन २०१६ ला आलं, हैदराबादचं २०२२ ला.) प्रत्येक रीजनमध्ये एक छोटं मशीन ठेवलंय. ते दर मिनिटाला बाकीच्या तिघांना हाक मारतं आणि ओ यायला किती वेळ लागला ते लिहून ठेवतं. बस्स, एवढंच. ऐकायला बावळटपणा वाटेल, पण चार ठिकाणं म्हणजे जाण्या-येण्याच्या बारा वाटा, आणि जायची वाट आणि यायची वाट एकच असेल याची कुणी हमी देत नाही.

या बारा आकड्यांचा एक तक्ता असतो. मी नवीन होतो तेव्हा तो बघून काहीच कळायचं नाही. मग एक युक्ती सापडली: प्रत्येक आकड्याशेजारी प्रकाशाचा आकडा लिहायचा, म्हणजे याहून कमी होणंच शक्य नाही असा. मुंबई-हैदराबाद: प्रकाशाचे ६, आमचे वीसच्या आसपास. मुंबई-सिंगापूर: प्रकाशाचे ३९, आमचे साठेक. मुंबई-फ्रँकफर्ट: प्रकाशाचे ६५, आमचे १२५. पहिल्या आकड्याबद्दल कुणाशीही भांडून उपयोग नाही. वरचा जो काही आहे तो वळसा आणि रांग. वळसा बहुतेक वेळा तसाच राहतो, रांग मिनिटामिनिटाला बदलते. आलेख एकदम पायरी चढला की वाट बदलली म्हणायचं, आणि करवतीसारखा दातेरी झाला की कुठेतरी गर्दी आहे म्हणायचं.

फ्रँकफर्टचा वळसा कुठून? मुंबईहून समुद्रातून अरबस्तानाला वळसा घालून तांबड्या समुद्रात, मग इजिप्त ओलांडून भूमध्य समुद्र, आणि तिथून युरोप. ही वाट काही इंटरनेटने शोधलेली नाही. १८७० मध्ये ग्रेट ईस्टर्न नावाच्या अवाढव्य जहाजाने एडन ते मुंबई तारायंत्राची केबल टाकली आणि सुएझमार्गे मुंबई लंडनला जोडली गेली. दीडशे वर्षांत तांब्याच्या तारेची काच झाली, वाट तीच राहिली. त्यामुळे या चिंचोळ्या समुद्रात काही झालं की आपल्याकडे कळ उठते. जानेवारी २००८ मध्ये अलेक्झांड्रियाजवळ केबल्स तुटल्या तेव्हा भारतातलं इंटरनेट अर्धमेलं झालं होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा तांबड्या समुद्रात तीन तुटल्या.

आणि मग ६ सप्टेंबर २०२५.

शनिवार, अनंत चतुर्दशी. मी जळगावला घरी. दुपारी बाप्पाची आरती झाली आणि आम्ही मेहरूण तलावाकडे निघालो. फोन खिशात, पण मी ऑन-कॉल नव्हतो. ऑन-कॉल होती आमच्या टीममधली नवी मुलगी, पुण्याला, जेमतेम चार महिने झालेली. तीनच्या सुमारास मॅनेजरचा फोन. ढोलांच्या आवाजात एवढंच कळलं की जर्मनीच्या ग्राहकाकडे ऑर्डरी दोन-दोनदा पडतायत. मूर्ती धाकट्या भावाच्या हातात दिली आणि रस्त्याच्या कडेला एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून मोबाइलवर डॅशबोर्ड उघडला.

मुंबई-फ्रँकफर्ट: २६०. सकाळी साडेअकराच्या आसपास आलेखाने पायरी चढलेली आणि तेव्हापासून वरच. जेद्दाजवळ एसएमडब्ल्यू-४ आणि आयएमईडब्ल्यूई या दोन केबल्स तुटल्या होत्या. दोन्ही मुंबईला येणाऱ्या. (बहुधा एखाद्या व्यापारी जहाजाचा घासत गेलेला नांगर, असं त्या क्षेत्रातल्या लोकांनी नंतर सांगितलं.) मायक्रोसॉफ्टने तर मध्यपूर्वेतून जाणाऱ्या ट्रॅफिकला जास्त वेळ लागेल असं जाहीरच केलं होतं. आमचा क्लाऊड कुणाचा ते महत्त्वाचं नाही, समुद्र सगळ्यांचा एकच.

बरं, २६० मिलिसेकंद म्हणजे पाव सेकंद. त्यात एवढं काय बिघडलं? तर आमची एक ऑर्डर पक्की व्हायला फ्रँकफर्टहून मुंबईला चार फेऱ्या होतात, एकामागून एक. चार गुणिले १२५ म्हणजे अर्धा सेकंद. आम्ही मर्यादा ठेवली होती एक सेकंदाची, म्हणजे दुप्पट, भरपूर वाटली होती. चार गुणिले २६० म्हणजे १०४० मिलिसेकंद. मर्यादा ४० मिलिसेकंदांनी हुकली! मुंबईत ऑर्डर व्यवस्थित लिहिली जायची, पण 'झालं' हा निरोप पोचायच्या आत फ्रँकफर्टचा संयम संपायचा आणि तो तीच ऑर्डर पुन्हा पाठवायचा. मुंबई आज्ञाधारक, तिने तीही लिहून घेतली. एकदा आलेली ऑर्डर ओळखायला प्रत्येकीवर खुणेचा नंबर हवा, हे पुस्तकात असतं. आमच्याकडे ते 'पुढच्या तिमाहीत करू' या यादीत होतं.

हे सगळं कळलं, दुरुस्तही झालं. मर्यादा तीन सेकंदांवर नेली, दुहेरी ऑर्डरी संध्याकाळपर्यंत एकेक करून रद्द केल्या. पण त्या कॉलवर एक प्रश्न आला: साडेअकरापासून आलेख वर होता, तर तीन वाजेपर्यंत कुणाला कळलं कसं नाही? ऑन-कॉल कोण होतं?

ती म्हणाली, "सर, अलार्म वाजलाच नाही." कुणीतरी म्हणालं, अलार्म नसेल वाजला, पण डॅशबोर्ड बघायला काय झालं होतं? ती गप्प.

मीही गप्प. कारण अलार्म का वाजला नाही हे त्या कॉलवर फक्त मला माहीत होतं. आधी तो १८० वर वाजायचा. जुलैमध्ये लागोपाठ दोन रात्री पहाटे तीनला वाजला, वीस-वीस मिनिटं, आणि आपोआप थांबला. तिसऱ्या दिवशी मी तो ३०० वर नेऊन ठेवला. कारणाच्या रकान्यात लिहिलं: 'नॉइझ'. सांगितलं कुणालाच नाही. झोप मला हवी होती, आणि बिल तिच्या नावावर फाटत होतं.

कॉल संपेपर्यंत मी बोललो नाही. सबब म्हणाल तर ढोल वाजत होते, आवाज नीट येत नव्हता. पण म्यूटचं बटण मीच दाबलेलं होतं. घरी गेलो तोवर विसर्जन आटोपलं होतं. आईने ताटात प्रसाद ठेवला होता आणि पाट रिकामा. तो रिकामा पाट दरवर्षीच बघवत नाही, यंदा जरा जास्तच.

रविवार त्यातच गेला. मॅनेजरला मेल लिहिला, पुसला, पुन्हा लिहिला. शेवटी सोमवारच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं, की थ्रेशोल्ड मी बदलला होता, अमुक तारखेला, अमुक कारणाने, आणि शनिवारी मला हे माहीत असून मी बोललो नाही. कुणी ओरडलं नाही. मॅनेजरने लिहून घेतलं आणि पुढचा मुद्दा काढला. तिने मात्र दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. मला वाटतं, बरोबरच होतं तिचं.

नवा अलार्म तिनेच लिहिला. त्यात एक ठरावीक आकडा नाहीच. गेल्या दोन आठवड्यांत याच वाटेवर, याच वेळी जे नेहमीचं होतं, त्यापेक्षा तीस टक्के वर दहा मिनिटं राहिलं की वाजतो. सरासरी न बघता तो शंभरातल्या सर्वांत हळू पाच फेऱ्या बघतो, कारण सरासरीच्या पांघरुणाखाली काहीही लपतं. नुसत्या पिंगवरही तो विसंबत नाही, वाटेतले राउटर पिंगला कधीकधी दुय्यम वागणूक देतात. खऱ्या ऑर्डरीसारखी एक खोटी ऑर्डर दर मिनिटाला चार फेऱ्या मारून येते. आणि थ्रेशोल्ड बदलायचा तर आता दोघांची सही लागते. ही अट मीटिंगमध्ये मी सुचवली. तिने "हो, लागेलच" एवढंच म्हटलं, पण हसून.

मागच्या गुरुवारी पहाटे दोन चाळीसला तो वाजला. पाळी माझी होती. मुंबई-सिंगापूर, साठाचे ८८. उठलो, लॅपटॉप उघडला, आलेख बघितला. दातेरी होता, पायरी नव्हती. एकोणीस मिनिटांनी खाली आला. वेळ आणि आकडे लिहून ठेवले, 'नॉइझ' न लिहिता 'कारण सापडलं नाही' असं लिहिलं, आणि पाणी पिऊन पुन्हा आडवा झालो.