तारेचं वेटोळं

यंत्र घेऊन आले ते आमच्या ओळखीचे सुतारमिस्त्री. पाडलेल्या वाड्यांचं सागवान विकत घ्यायचं आणि त्याची दारं, टेबलं करायची हा त्यांचा धंदा. जुन्या तुळईत खिळा कुठे मोडून बसलाय ते वरून दिसत नाही, आणि रंध्याच्या मशीनचं पातं त्यावर गेलं की खाच पडलीच. म्हणून त्यांनी एक स्वस्तातलं मेटल डिटेक्टर घेतलं होतं.

“दादा, हे कधी वाजायचं, कधी नाही. आणि पडल्यापासून नुसतं हललं तरी ओरडतंय.”

सर्किटचा नकाशा कुठेच मिळेना. आत तपकिरी रंगाची एकेरी पाटी, मधूनमधून तारेचे जंपर, आणि आयसींवरचे नंबर चक्क खरवडलेले. अशी पाटी समोर आली की माझा दिवस चांगला जातो.

दोन्ही बाजूंचे फोटो काढायचे, तांब्याच्या बाजूचा आरशातल्यासारखा उलटा करून दुसऱ्याशी जुळवायचा. मागून टॉर्च धरला की ट्रॅक पाटीतून अंधूक दिसतात. मग सेलपासून सुरुवात. प्लस कुठे कुठे पोचतं, ग्राउंड कुठे, हे मल्टिमीटरच्या बीपवर शोधत जायचं. ८ पायांच्या आयसीला आठव्या पायावर प्लस आणि चौथ्यावर ग्राउंड मिळालं, तेव्हा तो दुहेरी ऑप-अँप असावा असं धरलं. ग्राउंड पहिल्या पायावर असतं तर ५५५ या टायमर आयसीची शंका घेतली असती. शेजारच्या १४ पायांच्या आयसीचा पुरवठा १४ आणि ७ वर होता. चार ऑप-अँपवाल्याचा ४ आणि ११ वर असतो, म्हणजे तो हा नव्हे. बाकीच्या पायांच्या जोड्या तपासल्यावर तो ४०६६ निघाला, चार इलेक्ट्रॉनिक स्विचचा. नंबर खरवडता येतो, पायांची वाटणी खरवडता येत नाही.

पहिला कागद कोळ्याच्या जाळ्यासारखा होतो. तो तसाच ठेवून नवा घ्यायचा. तिसऱ्या-चौथ्या कागदावर पाठवणारी कॉइल डावीकडे आली, स्पीकर उजवीकडे गेला, आणि मधला माणूस बोलायला लागला. मधला माणूस म्हणजे ज्यानं हे सर्किट आखलं तो. एका ट्रान्झिस्टरवर त्यानं कॉइल आणि कॅपॅसिटरचा झोका बांधला होता. ऑसिलोस्कोपवर सेकंदाला सुमारे साडेसहा हजार हेलकावे दिसले. दुसरी, ऐकणारी कॉइल पहिलीवर अशी अर्धवट सरकवलेली की पहिलीचं चुंबकी क्षेत्र तिच्यात दोन्ही बाजूंनी येऊन स्वतःलाच खोडून टाकतं. धातू जवळ आला की हा समतोल ढळतो. लोखंडाचा परतावा आणि तांब्याचा परतावा वेगवेगळ्या क्षणी येतो, आणि तो क्षण पकडायला ४०६६ चं दार त्याच ठेक्यात उघडत-मिटत होतं.

त्यापुढे दोन टप्प्यांत वाटेतच कॅपॅसिटर. त्यांचं कारण कळलं तेव्हा मी पेन खाली ठेवलं. जमिनीचा स्वतःचा परिणाम सावकाश बदलतो, तो तिथे अडावा आणि झटकन आलेला बदल तेवढा पुढे जावा, अशी ती योजना. म्हणजे कॉइल स्थिर धरली की यंत्र गप्पच बसणार. मिस्त्री ती तुळईवर टेकवून धरत होते! शिवाय बटण लोखंड वगळण्यावर. नाणी शोधणाऱ्याच्या लेखी खिळा हा कचरा. आमच्या मिस्त्रींना नेमका तोच कचरा हवा होता.

मग कॉइलची थाळी उघडली. कडेला तारेचं एक वेडंवाकडं वेटोळं, हॉट ग्लूच्या डागातून सुटून लोंबकळत होतं. उरलेली तार कोंबून दिलीय असं वाटून मी ते बोटानं चपटं केलं, आणि ऐकणाऱ्या कॉइलवरची स्कोपची रेघ एकदम फुगली. ते वेटोळं पाठवणाऱ्या कॉइलचंच होतं. दोन कॉइली कितीही नीट बसवल्या तरी थोडा असमतोल उरतो. तो मारण्यासाठी कारखान्यात कुणीतरी मीटरकडे पाहत, बोटांनी वाकवून, नेमक्या जागी ते चिकटवलं होतं. प्रत्येक थाळीत त्याचा आकार वेगळा असणार. एवढ्या स्वस्त यंत्रातही हे एक काम हातानं केलेलं होतं, आणि मी ते बेफिकिरी समजलो याची मला लाज वाटली.

अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना १८८१ साली गोळी लागली, तेव्हा अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी कॉइलींच्या अशाच समतोलावर शरीरातली गोळी शोधायचा प्रयत्न केला. पलंगातल्या स्प्रिंगांनी घोळ घातला असं सांगतात. डॉक्टरांनी तपासू दिली ती उजवी बाजू, गोळी होती डावीकडे. समतोल किती नाजूक असतो ते मला माझ्या लोखंडी टेबलानं शिकवलं. सगळं उचलून लाकडी पाटावर मांडलं, वेटोळं केसभर वाकवत रेघ खाली आणली, ग्लूचा थेंब सोडला. ग्लू निवताना आकसतो आणि रेघ पुन्हा वर सरकते. तीनदा वितळवलं. चौथ्यांदा तेवढं अंतर आधीच सोडून चिकटवलं, आणि निवल्यावर रेघ आपोआप खाली येऊन बसली.

मिस्त्रींनी बटण फिरवलं, तुळईवरून थाळी हलकेच झुलवली. तिसऱ्या झोक्याला आवाज आला. पटाशीनं उकरल्यावर निघाला घडीव, चौकोनी खिळा.

शेवटच्या कागदाची घडी करून मी सेलच्या झाकणाआड ठेवली आहे. वेटोळ्याजवळ बाण काढून लिहिलंय: ही तार सरळ करू नये.