मताचा भाव, व्हिसाचा भाव

शंभराच्या नोटा असतील तर ४०,००० डॉलर एका जाडसर पाकिटात सहज मावतात. मे २०११ मध्ये त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेनमधल्या एका हॉटेलात अशी पाकिटं कॅरिबियन बेटांवरच्या फुटबॉल संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना वाटली गेली. फिफाच्या अध्यक्षपदाची निवडणूक तोंडावर होती. उमेदवार होते कतारचे मोहम्मद बिन हम्माम आणि ते त्याच दिवशी तिथं प्रचाराचं भाषण करून गेले होते. बहामाच्या एका पदाधिकाऱ्यानं पैसे परत करण्याआधी नोटांचा फोटो काढून ठेवला, म्हणून प्रकरण बाहेर आलं.

आपल्याकडे याला लक्ष्मीदर्शन म्हणतात. ग्रामपंचायतीच्या मतदानाच्या आदल्या रात्री ते कसं होतं, हे गावात वाढलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. फिफाचं गणितही फार वेगळं नाही. २११ सदस्य संघटना आणि प्रत्येकीला एक मत. ब्राझीलचं मत एक आणि जेमतेम पाचेक हजार वस्तीच्या माँटसेराट बेटाचंही एकच. मग कुणाकडे आधी जायचं, हे उमेदवाराला बरोबर कळतं.

वर्ल्ड कप कुठं भरवायचा, हे ठरवणारे तर तेव्हा त्याहून कमी होते. २ डिसेंबर २०१० रोजी झुरिकमध्ये २२ जणांनी मतदान केलं. खरं तर ते २४ असायचे. पण दोघं एका ब्रिटिश वृत्तपत्राच्या सापळ्यात मत विकायला तयार झालेले दिसले आणि निलंबित झाले. उरलेल्यांनी २०१८ चा कप रशियाला दिला आणि २०२२ चा कतारला. शेवटच्या फेरीत कतारनं अमेरिकेला १४-८ असं हरवलं. त्या २२ पैकी निम्म्याहून अधिक जण पुढे कुठल्या ना कुठल्या आरोपात, चौकशीत किंवा बंदीत अडकले.

मे २०१५ मध्ये झुरिकच्या एका पंचतारांकित हॉटेलात पहाटे पोलीस शिरले. अटक झालेल्या पदाधिकाऱ्यांचे चेहरे दिसू नयेत म्हणून हॉटेलच्या नोकरांनी पांढऱ्या चादरी धरल्या. अमेरिकेच्या आरोपपत्रात २४ वर्षांतल्या १५ कोटी डॉलरहून जास्त लाचेचा हिशेब होता. त्यातला बराचसा पैसा दक्षिण आणि उत्तर अमेरिकेतल्या स्पर्धांच्या प्रक्षेपण आणि जाहिरात हक्कांसाठी दिलेला. २०२० मध्ये आणखी एक आरोप आला, की दक्षिण अमेरिकेतल्या काही सदस्यांनी कतारला मत देण्यासाठी पैसे घेतले. कतारनं तो कायम नाकारला आहे.

ही झाली वरच्या मजल्यावरची गोष्ट. खालच्या मजल्यावरची मला आमच्या वाडीतल्या एका दादाकडून कळली.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात. इथं घरटी एक माणूस मुंबईत किंवा आखातात. हा दादा २०१५ मध्ये दोह्याला गेला, शटरिंग सुतार म्हणून. नववीत शाळा सुटलेली, त्यामुळे पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे परदेशी कामाला जाण्याआधी सरकारी मंजुरी हवी. मुंबईतल्या एका एजंटनं ९०,००० रुपये घेतले. पावती नाही. आज कायद्यानुसार एजंट ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेऊ शकतो, पण तसा एजंट मला गावात कुणी दाखवलेला नाही. वहिनीच्या बांगड्या गहाण पडल्या. मुंबईत दाखवलेल्या कागदावर पगार १,४०० रियाल होता. दोह्यात उतरल्यावर दुसरा कागद पुढे आला, त्यावर १,०००. पासपोर्ट कंपनीनं ठेवून घेतला.

"सही नाही केली असतीस तर?" मी विचारलं.

"तर काय? बांगड्या कोण सोडवणार होतं?"

कफाला पद्धत याच्यावरच चालायची. मजुराचा व्हिसा मालकाच्या नावाशी बांधलेला. मालकाच्या दाखल्याशिवाय नोकरी बदलता येत नसे. ती अट २०२० मध्ये गेली आणि पुढच्या वर्षी महिना १,००० रियाल किमान वेतनही लागू झालं. तोवर दादा परत आला होता. कर्ज फिटायला त्याला पावणेदोन वर्षं लागली.

अर्जेंटिना-फ्रान्स फायनल आम्ही त्याच्या पडवीत, माझ्या फोनवर बघितली. जिओसिनेमावर फुकट होती. मेस्सीचा दादा माझ्याहून मोठा भक्त. सामन्याआधी ड्रोननं लुसेल स्टेडियम वरून दाखवलं, तेव्हा त्यानं स्क्रीनवर बोट ठेवलं. स्टेडियमवर नाही, बाजूच्या रस्त्यावर.

"हा आमचा. स्टेडियमवाल्यांना चांगल्या खोल्या होत्या. तिथं पाहुणे येऊन बघायचे. आमच्याकडे कोण येतंय?"

त्या एका वाक्यानं मला आकड्यांचं भांडण समजलं. 'द गार्डियन'नं २०२१ मध्ये छापलं, की कतारला कप मिळाल्यापासून भारत, पाकिस्तान, नेपाळ, बांगलादेश आणि श्रीलंका या पाच देशांचे ६,५०० हून अधिक कामगार तिथं मेले. त्यात २,७११ भारतीय. हा आकडा सगळ्या कामांतल्या, सगळ्या कारणांनी झालेल्या मृत्यूंचा आहे. सगळे स्टेडियमवर मेले, असं तो म्हणत नाही. आयोजकांचा आकडा होता स्टेडियमच्या कामावरचे तीन मृत्यू आणि कामाशी संबंध नसलेले ३७. मग कपच्या ऐन मध्यात आयोजन समितीचे प्रमुख हसन अल थवादी एका मुलाखतीत ४०० ते ५०० म्हणाले. प्रत्येकाची मोजणीची हद्द वेगळी. रस्ता, मेट्रो, हॉटेल कपासाठीच बांधायचं, पण मोजताना फक्त स्टेडियम. दादा त्या रस्त्यावर कोसळला असता, तर तो या चाळिसातही आला नसता.

शिवाय कारणाचा रकाना आहे. पंचविशी-तिशीतल्या कित्येक मुलांच्या दाखल्यावर शवविच्छेदन न करताच 'नैसर्गिक कारण' लिहिलं गेलं. मृत्यू नैसर्गिक ठरला, की तो कामामुळे ठरत नाही. कामामुळे नाही, तर कंपनीला भरपाई द्यावी लागत नाही. इतका साधा हिशेब.

त्या चार वर्षांत फिफानं साडेसात अब्ज डॉलर कमावले. संघांना बक्षिसांत ४४ कोटी डॉलर वाटले. तेवढीच रक्कम कामगारांच्या भरपाईसाठी काढा, अशी मागणी ॲम्नेस्टी आणि इतर संघटनांनी केली होती. २०२४ च्या शेवटी फिफानं पाच कोटींचा निधी जाहीर केला, तोही जागतिक संस्थांच्या प्रकल्पांसाठी. मेलेल्याच्या घरी त्यातून काही पोचणार नव्हतं.

मला वाटतं, दोन्ही मजल्यांवर धंदा एकच आहे. जी गोष्ट विकायची नसते ती विकायची. वर मत, खाली काम करण्याची परवानगी. फरक एवढाच, की वरच्याला पाकीट मिळतं आणि खालच्याला ते द्यावं लागतं. पकडलं गेल्यावर चादरी धरायलाही वरच्यालाच माणसं मिळतात.

मग फुटबॉल बघायचं सोडायचं का? हा प्रश्न मी दादाला विचारला होता. तो म्हणाला, "मी बांधलंय, मी का नको बघू?" माझ्याकडे याला उत्तर नाही आणि मी बघणं सोडलेलं नाही. पण मॅच बघताना आता माझी नजर स्टेडियमच्या बाहेरही जाते.

११ डिसेंबर २०२४ रोजी २०३४ चा वर्ल्ड कप सौदी अरेबियाला मिळाला. उमेदवार एकच होता. मोजणी झालीच नाही, जगभरातल्या पदाधिकाऱ्यांनी आपापल्या कॅमेऱ्यासमोर टाळ्या वाजवल्या आणि ठराव मंजूर झाला. पाच शहरं, १५ स्टेडियम आणि त्यांना जोडणारे रस्ते.

गेल्या महिन्यात दादानं व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ पाठवली. त्याचा भाचा २२ वर्षांचा आहे आणि त्याला रियाधचं काम आलंय. "इंग्रजीत आहे, नीट वाच," एवढाच मेसेज. मी वाचली. ओव्हरटाइमचा रकाना रिकामा होता. कामाच्या जागी लिहिलं होतं 'मालक सांगेल तिथं'. मी भाच्याला एजंटकडे तीन गोष्टी मागायला सांगितल्या: ई-मायग्रेटवरचा नोंदणी क्रमांक, ओव्हरटाइमचा दर भरलेला करार आणि पैशांची पावती.

पहिल्या दोन्हींना एजंट हो म्हणाला. पावतीचं विचारल्यापासून फोन उचलत नाहीये. भाचा माझ्यावर चिडलाय.