धानाचे अंकुरण

अंकुरण म्हणजे सुक्या बियाण्यातला गर्भ पाणी, हवा आणि ऊब मिळाल्यावर वाढीला लागणे आणि त्याचे मूळ किंवा कोंब आवरण फोडून बाहेर येणे. दाणा नुसता फुगला म्हणून वनस्पतिशास्त्र त्याला अंकुरण म्हणत नाही. मेलेले बीसुद्धा पाणी पिऊन फुगते. ते केवळ अंतःशोषण.

गोंदियाजवळच्या नागऱ्यात हा फरक पऱ्हे टाकायच्या, म्हणजे रोपांसाठी वाफा पेरायच्या, आधी हाताला कळतो. आमच्याकडे 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाण्याचे धान सोडतात. पोचट दाणे वर तरंगतात, ते काढून टाकायचे. तळाशी बसलेले धान साध्या पाण्याने धुऊन दिवसभर भिजवायचे आणि ओल्या बारदानाखाली दाबून ठेवायचे. दुसऱ्या दिवशी आत हात घातला की चांगलीच ऊब लागते. ती श्वसनाची उष्णता. भिजलेल्या दाण्यात अमायलेज हे विकर तयार होऊन पिठाची साखर करते आणि त्या साखरेवर गर्भ पोसला जातो. मग तुसाच्या देठाकडच्या टोकाशी टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका दिसतो. शास्त्राच्या हिशेबाने अंकुरण इथे झाले.

बियाणे तपासणीत मात्र एवढ्यावर भागत नाही. तिथे मूळ आणि कोंब दोन्ही धड असलेले रोपच मोजतात. प्रमाणित धानाची उगवणक्षमता किमान 80 टक्के असावी लागते, ती या मोजणीने. शेतकरी ‘उगवण’ म्हणतो ती आणखी पुढची, वाफ्यावर हिरवे दिसल्यावरची. पिशवीवरचा आकडा आणि वाफ्यातली रोपे जुळत नाहीत तेव्हा दर वेळी बियाणेच वाईट असते असे नाही. चिखल, खोली आणि साचलेले पाणीही त्याला कारण असते.

साचलेल्या पाण्याचा परिणाम तर डोळ्यांनी पाहण्यासारखा. आमच्या बांधीच्या सखल कोपऱ्यात पाणी तुंबले होते. तिथले धान उपसून पाहिले तर पांढरा, लांब, लुसलुशीत कोंब आलेला आणि मुळाचा पत्ता नाही. धुऱ्यालगतच्या नुसत्या ओल्या मातीतल्या दाण्यांनी मात्र मूळ धरले होते. बहुतेक बियांत मूळ आधी येते. प्राणवायू कमी पडला की धान आधी कोंब हवेकडे धाडते आणि मूळ मागे ठेवते. फार थोड्या पिकांना हे जमते. तरीही मूळ न धरलेले रोप पाण्यावर तरंगून वाहून जाते, म्हणून पेरणीनंतर वाफ्यातले पाणी काढून देणे अगत्याचे.

कापणीच्या वेळी हेच अंकुरण नुकसान करते. कापलेल्या धानाचा कडपा बांधीत पडलेला असताना पाऊस आला की लोंबीतच मोड फुटतात, दाण्यातले पीठ खर्ची पडते आणि धानाचा भाव जातो. ज्या वाणाच्या दाण्याला सुप्तावस्था असते तो ओल मिळूनही काही आठवडे मोड धरत नाही आणि अशा पावसात बचावतो. त्यामुळे नुकते कापलेले धान चाचणीत उगवले नाही, तर ते मेले असे ठरवू नये. काही आठवडे कोरडे साठवून पुन्हा तपासावे. प्रयोगशाळेत असे दाणे आधी 50 अंश सेल्सिअसच्या कोरड्या उष्णतेत काही दिवस ठेवतात आणि मग चाचणीला लावतात.