सात चकत्या, आठ खटके

वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी आमच्या उजव्या गुडघ्याने आमच्याविरुद्ध दावा दाखल केला. डॉक्टरांनी तो ऐकून घेऊन तात्काळ मनाईहुकूम बजावला : सपाटीवर सायकल खुशाल चालवा, चढावर मात्र जोर लावावयाचा नाही. आम्ही अपील करण्याच्या विचारात होतो. परंतु पुरावा आमच्या स्वतःच्याच पायात असल्यामुळे उलटतपासणीस जागा उरली नव्हती.

सायकल सोडणे इतके अवघड वाटण्याचे कारण श्रावण. आमच्या तीर्थरूपांचा नेम होता की, श्रावणातल्या एका सोमवारी भल्या पहाटे सायकलीने निघावयाचे, शहापूर, वडगाव, येळ्ळूर करीत राजहंसगड गाठावयाचा, आणि गडावरील महादेवास बेल वाहून कचेरीच्या वेळेपर्यंत घरी परतावयाचे. त्यांची सायकल काळी, जाड, एकाच चकतीची. गिअर हा शब्द त्या घरात मोटारीच्या संदर्भातही क्वचितच उच्चारला जाई. तीर्थरूप गेल्यावर तो नेम आम्ही उचलला. सायकल तेवढी बदलली. पुढे तीन चकत्या, मागे आठ, अशी डोंगरी जातीची घेतली.

नेमाच्या आड गुडघा आला तेव्हा कोणीतरी सुचविले की, हल्ली साध्या सायकलीस विजेची मोटार बसविता येते. आम्ही ही गोष्ट घरी काढताच मातुःश्रींनी तांदूळ निवडता निवडताच विचारले, "आनी मागीर चडटा कोण? तूं काय तें यंत्र?" आमच्या घरी महत्त्वाचे प्रश्न कोंकणीत विचारले जातात आणि त्यांना बहुधा उत्तर नसते.

तरीही आम्ही खडेबाजारात गेलो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली ज्या गावात सायकलीचे दुकान काढले ते हे गाव. त्यातूनच पुढे चारा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर निघाले, आणि १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. कारखाना गेला, सायकल मात्र गावात राहिली. खडेबाजारच्या कापडाच्या आणि भांड्यांच्या गर्दीतून एका बोळात वळले की, आमच्या मिस्त्रींची आठ फुटांची जागा लागते. छताला टायर टांगलेले, जमिनीवर पाने पसरलेले, आणि मध्ये पाटावर स्वतः मिस्त्री. त्यांनी आमचे म्हणणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न केला.

"वकीलसाहेब, गाडी बोटानं चालवायची की पायानं?"

प्रश्नाचा अर्थ असा. मोटारीच्या सामानात एक अंगठ्याने दाबावयाची कळ येते. ती दाबली की पाय न हलविता गाडी चालते. दुसरी रीत अशी की, क्रँकजवळ एक लहानशी चकती बसवावयाची. पाय फिरू लागले की ती मोटारीस वर्दी देते, पाय थांबले की मोटारही थांबते. आम्ही वकील असल्यामुळे या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी नियम वाचले. १९८९ च्या केंद्रीय मोटारवाहन नियमांच्या दुसऱ्या नियमात विजेच्या वाहनाची व्याख्या आहे. तिच्यात मोटारवाहन न ठरणाऱ्या गाड्यांसाठी जी सूट दिली आहे, तीत पायाने चालणाऱ्या सायकलीचे वर्णन मोठे मनोज्ञ आहे : साहाय्यक मोटार पाव किलोवॅटपेक्षा कमी शक्तीची असावी, वेग वाढेल तसतसे तिचे साहाय्य घटत जावे, ताशी २५ किलोमीटरला ते बंद पडावे, आणि स्वाराने पाय थांबविले तर त्याआधीही बंद पडावे. सुटीसाठी चाचणीसंस्थेचा दाखला लागतो हेही तेथे लिहिलेले आहे. बोळात जोडलेल्या सायकलीस तो दाखला कोण देणार, हा मुद्दा आम्ही स्वतःविरुद्ध स्वतःच उपस्थित करू इच्छित नाही.

परंतु 'स्वाराने पाय थांबविले तर' या शब्दांवर आमचे मन बसले. मातुःश्रींच्या प्रश्नाला हेच उत्तर देता येईल असे वाटले. पाय आमचे फिरत असतील तोवरच यंत्राने हातभार लावावा, अन्यथा नाही. मग नेम मोडला असे कोण म्हणेल? अंगठ्याची कळ आम्ही खोक्यातच ठेवावयास सांगितली.

मिस्त्री म्हणाले, "बरं हाय. पण मग गिअर झकास लागायला पायजे की ओ. बोटाची गाडी असती तर गिअर कसाबी चालला असता."

हे आम्हांस उलटे वाटले. मोटार आल्यावर गिअरांचे काम संपले, अशीच आमची समजूत होती. ती एकट्या आमचीच होती असेही नाही. अमेरिकेतील ऑग्डेन बोल्टन यांनी १८९५ साली मागच्या चाकाच्या तुंब्यात मोटार असलेल्या सायकलीचे पेटंट घेतले, तीत गिअर नव्हतेच. इकडे फ्रान्समध्ये सायकलशर्यतीचे संयोजक आंरी देग्रांज यांना गिअर म्हणजे लबाडी वाटे. ते पंचेचाळिशीच्या पुढच्या मंडळींसाठीच ठीक, असे त्यांचे मत होते. त्यांच्या 'टूर द फ्रान्स' शर्यतीत चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणाऱ्या डिरेलरला सर्रास मुभा मिळाली ती १९३७ साली. आम्ही पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर असल्यामुळे देग्रांजसाहेबांचा निकाल आम्हांस लागू होतो की नाही, हे काही महिन्यांचे प्रकरण होते.

मोटार दोन ठिकाणी बसते. क्रँकच्या जागी बसविली तर तिचा जोर चेनीवाटे मागच्या चकत्यांवर जातो, म्हणजे गिअर मोटारीच्याही उपयोगी पडतात. चढाला ती उत्तम, परंतु चेन आणि चकत्या लवकर झिजतात, आणि गिअर बदलताना मोटार क्षणभर थांबविण्याची तजवीज करावी लागते. मागच्या चाकात बसविली तर तिचा चेनीशी संबंध नाही. गिअर केवळ पायांसाठी उरतात. आम्ही स्वस्त म्हणून दुसरी पत्करली, आणि घोटाळा तेथे झाला.

आमच्या जुन्या चाकावर आठ चकत्यांचा गठ्ठा होता. नव्या मोटारीच्या तुंब्यावर तो बसेना. तेथे आट्यांवर फिरवून बसवावयाचे सात चकत्यांचे फ्रीव्हील हवे होते. ते बसले. लहान चकतीस १४ दाते, मोठीस २८. हँडलवर मात्र आठ खटक्यांचा शिफ्टर, आणि तो ब्रेकच्या दांडीशी एकजीव झालेला. सामानात आलेल्या ब्रेकच्या दांड्या निराळ्या. त्या दाबताच मोटारीची वीज तुटते. त्या बसवावयाच्या तर जुना शिफ्टर काढणे भाग.

"मागं सात, हँडलला आठ. हिशेब जुळत न्हाई बघा," मिस्त्री म्हणाले. "सात खटक्यांचा येगळा शिफ्टर घेऊया. चार दिवसांत मागवून देतो."

सोमवार दोन दिवसांवर होता. आम्ही युक्तिवाद केला की, आठांत सात अंतर्भूत आहेत. जो आठ पायऱ्या चढतो त्यास सात चढता येत नाहीत काय? मिस्त्री काही बोलले नाहीत. युक्तिवाद हरल्यामुळे माणूस गप्प बसतो असे नाही, हे न्यायालयात वीस वर्षे घालवूनही आमच्या ध्यानात आले नाही. जुना शिफ्टर राहिला, नव्या ब्रेकच्या दांड्या खोक्यात परत गेल्या.

आता त्या अंकगणितातील खोट सांगतो. पूर्वीच्या शिफ्टरांना खटके नसत; दांडी हवी तेवढी ओढून स्वाराने कानाने गिअर जुळवावा. १९८४ साली जपानच्या शिमानो कंपनीने ठरावीक खटक्यांची पद्धत रुळविली. एक खटका म्हणजे एक चकती. सोय झाली, परंतु त्यामुळे प्रत्येक खटक्याचे अंतर ठरून गेले. सात चकत्यांच्या फ्रीव्हीलवर दोन चकत्यांमध्ये ५ मिलिमीटर, आठांच्या गठ्ठ्यावर ४.८. फरक दशांश दोनचा. आम्ही लहान चकतीवर चेन अचूक लावून घेतली होती. तेथून सहा खटके चढत मोठ्या चकतीपर्यंत जाता जाता तो फरक १.२ मिलिमीटर झाला. म्हणजे सपाट रस्त्यावर सर्व ठाकठीक, आणि ज्या चकतीची गरज केवळ चढावर लागते नेमकी तीच अर्धवट पकडलेली.

सोमवारी पहाटे पावसाची भुरभुर होती. येळ्ळूरपर्यंतचा प्रवास इतका सुखाचा झाला की, आम्हांस थोडी लाजच वाटली. गडाचा चढ लागला तसे आम्ही एकेक खटका टाकीत मोठ्या चकतीवर आलो. चेन कुरकुरत होती. शेवटच्या वळणाच्या अलीकडे रस्ता उभा होतो. तेथे पायावर जोर आला आणि चेन निसटून खालच्या लहान चकतीवर गेली. पेडल एकदम जड झाले, पाय अडकले. पाय थांबताच, आम्हीच निवडलेल्या नियमाप्रमाणे, मोटारही थांबली. पायांची आणि यंत्राची मदत एकाच क्षणी गेली, आणि वकीलसाहेब सायकलीसह डाव्या अंगावर चिखलात. गुडघा वाचला, कोपर सोलले. हातातली बेलाची पुडी मात्र सुटली नव्हती.

मिस्त्रींनी कोपराकडे पाहिले, चेनीकडे पाहिले, आणि 'मी सांगितलं होतं' हे वाक्य उच्चारले नाही. एवढा संयम आमच्या व्यवसायात आढळत नाही. त्यांनी नवा सात खटक्यांचा शिफ्टर उजव्या मुठीला अशा कोनात बसविला की, मूठ न सोडता अंगठा पोहोचावा. वीज तोडणाऱ्या ब्रेकच्या दांड्या लावल्या. डावीकडचा शिफ्टर काढूनच टाकला. पुढच्या तीन चकत्यांपैकी मधली, ३४ दात्यांची, तीच कायम ठेवली, आणि पुढचा डिरेलर न काढता तिच्यावर अढळ बसविला, चेन घसरू नये म्हणून. मागच्या आसाच्या दोन्ही बाजूंना पोलादी पट्ट्या घातल्या. मोटार चाक पुढे ढकलते तेव्हा आस उलटा फिरू पाहतो आणि फ्रेमची खाच रुंदावते, त्यास तो अडसर.

मग त्यांनी आम्हांस बोळातच वर्ग घेतला. २८ दात्यांवर पेडलचा एक फेरा म्हणजे सुमारे अडीच मीटर, १४ वर पाच मीटर. ताशी २५ च्या वेगाने जाताना १४ वर मिनिटाला ८३ फेरे होतात, पायांना काही काम राहते. त्याच वेगाने २८ वर राहिलात तर १६६ फेरे. पाय शिलाईच्या मशीनसारखे हवेत नाचतात, आणि मोटार बिचारी एकटी राबते. तिला पायांचा जोर कळत नाही, फिरणे तेवढे कळते. उलट चढावर १४ वर राहिलात तर पाय थांबतात, आणि मग काय होते ते आम्ही जाणतोच. चढ दिसला की आधीच खटका टाकावयाचा. जोर आल्यावर नव्हे.

रात्री मातुःश्री कोपराला हळद लावीत होत्या. आम्ही कायद्याची व्याख्या सांगितली, पाय आमचेच फिरत होते हे सांगितले, गिअरचा हिशेब सांगितला; एका वळणासाठी बाबांचा नेम अर्धा राहिला असता, असेही म्हणालो. त्या थोडा वेळ गप्प बसल्या.

"तुजे बाबा खंय चडटाले? निमाण्या वळणार देंवून सायकल धुकलून व्हरताले."

हे आम्हांस कधीच कोणी सांगितले नव्हते. तीर्थरूप पहाटे एकटे जात आणि परत आल्यावर फक्त प्रसाद देत.

पुढच्या सोमवारी आम्ही पुन्हा निघालो. चढाआधी खटका टाकला. चेन मोठ्या चकतीवर आवाज न करता बसली आणि तेथेच राहिली. पाय फिरत होते, मोटार गुणगुणत होती. ते वळण आता अडविणार नव्हते. वळणावर आम्ही ब्रेक दाबला, वीज तुटली, आणि खाली उतरलो. मोटार आणि बॅटरी मिळून आमची सायकल आता बावीस-तेवीस किलोंची झाली आहे. ओल्या रस्त्यावरून ती वर ढकलताना दोनदा थांबावे लागले.