एकदाच हलणारं चित्र

क्रिस मार्करचा ‘ला जेते’ (१९६२) हा चित्रपट जेमतेम २८ मिनिटांचा आणि एक क्षण सोडला तर सगळाच्या सगळा स्थिरचित्रांचा. तिसऱ्या महायुद्धात बेचिराख झालेलं पॅरिस, तळघरांत तग धरून असलेली माणसं आणि भूतकाळात धाडला जाणारा एक कैदी. या प्रयोगासाठी निवड त्याचीच, कारण लहानपणी ऑर्ली विमानतळावर पाहिलेला एका बाईचा चेहरा त्याच्या मनातून गेलेला नाही.

पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. संकलकाने एक फोटो पाच सेकंद ठेवला, की तीच चौकट १२० वेळा येते. तेवढ्या वेळात चेहरा पाहून होतो, मग नजर केसांकडे, मानेकडे, मागच्या भिंतीकडे वळते. हलत्या दृश्यात प्रेक्षक घटनेमागे धावतो. इथे धावायला काही नसतं, मग तो स्वतःजवळचं काहीतरी त्यात भरू लागतो. आठवणीचं काम बरंचसं इथेच होतं.

ऑर्लीवरची ती बाई झोपलेली आहे. उशीवर गाल, कूस बदललेली, पुन्हा बदललेली. एका फोटोत दुसरा विरघळतो, मधलं अंतर कमी होत जातं, पक्ष्यांचा कलकलाट चढत जातो. आणि ती डोळे उघडते. खरोखर उघडते, पापण्या मिटते, समोर बघते. अख्ख्या चित्रपटात एवढीच हालचाल, अवघ्या काही सेकंदांची. ती पुरती अनुभवायच्या आत प्रयोग करणाऱ्याचा चेहरा येऊन आदळतो.

दिग्दर्शक त्रुफोने १९५९ साली ‘द फोर हंड्रेड ब्लोज’मध्ये नेमकं उलट केलं होतं: पळत पळत समुद्रापर्यंत आलेला पोरगा कॅमेऱ्याकडे वळतो आणि चित्र गोठतं.

मार्करचं कौतुक करताना लोक फोटोंबद्दलच बोलतात. निम्मं श्रेय मात्र आवाजाचं आहे. निवेदन, प्रयोगशाळेतली जर्मन कुजबुज, छातीची धडधड हे सगळं बंद करून बघा, हाती नुसता अल्बम उरेल.

हल्ली एकसष्टीला, लग्नाला जुन्या फोटोंचा व्हिडिओ हमखास करतात. दर दोन सेकंदांनी फोटो बदलतो, उगाच झूम होतो, वरून गुलाबाच्या पाकळ्या पडत राहतात. करणाऱ्यांना एकच विनंती: आजीच्या फोटोला निदान आठ सेकंद द्या, पाकळ्या काढा, आणि जुन्या कॅसेटवर तिचा आवाज असेल तर सिनेमातल्या गाण्याऐवजी तोच लावा.