भीमाशंकरच्या फेरीची आखणी

सहलीचा आनंद वाटेवर मिळतो हे खरे. परंतु त्यातील निम्मे पुण्य पूर्वतयारीच्या पदरी जमा असते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. शहरात वाट चुकली तर घटकाभर उशीर होतो; अरण्यात चुकली तर रात्र पडते. गतवर्षी डिसेंबरात आम्ही दहा विद्यार्थ्यांनी भूगोलाच्या सरांसमवेत भीमाशंकरास पायी जावयाचे ठरविले, तेव्हा हा धडा आम्हांस प्रत्यक्ष शिकावयास मिळाला.

भीमाशंकर हे सह्याद्रीच्या ऐन धारेवर वसलेले ज्योतिर्लिंगाचे स्थान होय. येथे पडणारा पाऊस पूर्वेस वळला तर भीमेबरोबर पंढरपुरावरून कृष्णेस व पुढे बंगालच्या उपसागरास मिळतो. पश्चिमेस ओघळला तर कोकण ओलांडून अरबी समुद्रास. भोवतालचे अरण्य १९८५ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. जांभूळ, हिरडा, अंजन यांच्या दाट छायेत शेकरू नावाची मोठी तांबूस खार राहते. तीच महाराष्ट्राचा राज्यप्राणी. शिवाय देवळापुढे एक मोठी पोर्तुगीज घंटा आहे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यानंतर ती येथे आली, असे मानतात. चर्चसाठी ओतलेली घंटा शंकराच्या दारी वाजते, ती आपल्या कानांनी ऐकावी, ही आम्हां मिशन शाळेच्या मुलांची विशेष उत्कंठा होती.

पुण्याच्या बाजूने मोटार थेट माथ्यावर जाते. कोकणातून मात्र, कर्जत तालुक्यातील खांडस गावाहून, दोन पायवाटा चढतात. शिडी घाट जवळचा पण उभा. त्याच्या कातळात लोखंडी शिड्या बसविलेल्या आहेत. गणेश घाट पदरगडास वळसा घालून जाणारा, लांबचा पण सौम्य. दोन्ही वाटा मधल्या पठारावर पदरवाडीच्या परिसरात मिळतात व तेथून पुढे माथ्यापर्यंत एकच वाट उरते. एका घाटाने चढून दुसऱ्याने उतरावे, असा बेत ठरला. कोणत्या घाटाने चढावे, यावर दोन दिवस वाद चालला. शेवटी सरांच्या ओळखीच्या, खांडसच्या एका वृद्ध वाटाड्याने तो मिटविला. तो म्हणाला, “बाळांनो, चढायला शिडी, उतरायला गणपती. चढताना पाय ताजे असतात. उतरताना थकलेला पाय शिडीवर ठरत नाही. आणि पावसाळ्यात तर शिडीचं नावच काढू नका.”

मग सरांनी सर्वेक्षण खात्याचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा फळ्यावर टांगला. त्यात दर २० मीटर उंचीस एक समोच्च रेषा असते. खांडसपासून माथ्यापर्यंत आम्ही रेषा मोजल्या, त्या चाळिसांच्या वर भरल्या. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ साली एक सोपा नियम घालून दिला आहे : दर तीन मैलांस एक तास आणि दर २,००० फूट चढीस आणखी एक तास. सरांनी हे गणित आमच्याकडून सोडवून घेतले व आलेले उत्तर दुप्पट करावयास सांगितले. कारण नेस्मिथसाहेबांच्या हिशोबात विश्रांती नाही आणि दहा शाळकरी मुलेही नाहीत. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, दाट झाडीत त्याआधीच अंधारते. तेव्हा संध्याकाळपासून उलट मोजीत आम्ही वेळा ठरविल्या. प्रत्येकाजवळ तीन लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे व विजेरी असावी, हेही ठरले.

खरा प्रश्न पुढेच होता. आमच्यातील एकास दम्याचा विकार. डॉक्टरांनी त्यास परवानगी दिली होती. तरी काहींच्या मते त्याने न यावे हेच बरे. तोही खाली मान घालून म्हणाला, “माझ्यासाठी बेत बिघडवू नका.” त्यावर सरांनी वहीत एक कलम लिहिले : “अकरा वाजेपर्यंत सर्वजण पदरवाडीस पोहोचले नाहीत, तर कारण कोणतेही असो, माथा सोडून सर्वांनी गणेश घाटाने परतावे.” मग वही आमच्यापुढे फिरविली. घंटेचा मोह मोठा होता. तथापि दहाही जणांनी सह्या केल्या.

ठरल्या दिवशी पहाटे निघालो. डोंगराच्या सावलीत चढ सुखाचा झाला. दम्याचा मित्र वाटाड्याच्या मागोमाग, आपल्या संथ चालीने, न थांबता चढला. परंतु शर्यतीत नेहमी पहिला येणारा आमचा सोबती शेवटच्या शिडीवर पोटऱ्यांत गोळे येऊन बसला. त्यास चोळून, धीर देऊन पठारावर आणेपर्यंत बारा वाजून गेले. माथा समोर दिसत होता. तो कळवळून म्हणाला, “मी वाडीत थांबतो, तुम्ही जा.” कोणीच काही बोलेना. मग दम्याच्या मित्राने वही उघडून त्याच्यापुढे धरली व त्याची स्वतःचीच सही दाखविली. तो हसला. आम्ही शिदोऱ्या सोडल्या, तासभर विसावलो आणि गणेश घाटाने सावकाश उतरून उजेड असताना खांडसला पोहोचलो. वाटेत एक शेकरू या फांदीवरून त्या फांदीवर झेप घेताना दिसले, तेवढे आमचे बक्षीस.

माथा राहिला, घंटा राहिली. फेरी मात्र पुरी झाली. तो नियम डोंगरावर करावा लागता, तर एकजण सर्वांचा ऋणी झाला असता व उरलेल्यांच्या मनात उपकाराची भावना शिरली असती. तो वर्गात, कोणाचा पाय अडेल हे ठाऊक नसताना केला गेला, म्हणून कोणी कोणाचे देणे लागला नाही. पूर्वतयारी म्हणजे केवळ वेळेचा व पाण्याचा हिशोब नव्हे. जो मागे पडेल त्याची लाज राखण्याची ती सोय आहे. वाचक बंधुभगिनींनी आपल्या सहलीच्या वहीत असे एक कलम अवश्य लिहून ठेवावे.