डाव्या खांद्यावर हाडं, उजव्या खांद्यावर कातडं

व्हार्डेनफेल बेटावर माझा जो वीर फिरत होता, त्याच्या डोक्यावर टोकदार केसाळ टोपी होती. डाव्या खांद्यावर हाडांपासून घडवलेलं बोनमोल्ड, उजव्या खांद्यावर नेच नावाच्या हवेत तरंगणाऱ्या प्राण्याचं कातडं. छातीला पोलादी चिलखत. एका हातावर लोखंडी पंजा, दुसरा हात उघडा. पायात असे बूट, की ते चढवताच माणूस वाऱ्यासारखा धावतो आणि त्याच क्षणी त्याच्या डोळ्यांपुढे अंधार होतो. ज्याच्या येण्याची भाकितं पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, तो तारणहार असा दिसत होता. त्यानंतर मी पुष्कळ खेळ खेळलो, देखणे वीर घडवले. या विजोड माणसाइतकं प्रेम मात्र कुणावर केलं नाही.

हे बेट ज्यात आहे तो ‘मॉरोविंड’ हा खेळ बेथेस्डा कंपनीने २००२ मध्ये आणला. आमच्यापर्यंत तो जरा उशिराच पोचला. कॉलेजसाठी मी पुण्यात मावशीकडे राहत होतो आणि तिच्या घरी एकच कॉम्प्युटर होता. मावसभाऊ माझ्याहून मोठा, त्याला मी दादा म्हणतो. तो खेळताना मी बघायचो, मी खेळताना तो. दोघांचे सेव्ह वेगळे, त्यामुळे एकाच गोष्टीचे दोन नायक एकाच खुर्चीतून वाढले.

या खेळात चिलखत ही एक वस्तू नव्हे. शिरस्त्राण, छातीचं चिलखत, डावा खांदा, उजवा खांदा, डावा पंजा, उजवा पंजा, पायांवरचं कवच, बूट आणि ढाल अशा नऊ जागा, आणि प्रत्येक जागी वेगळी वस्तू चालते. आत सदरा-विजार आणि वरून झगा, ते निराळंच. संरक्षणाचा एकूण आकडा काढताना छातीच्या चिलखताला ३० टक्के वजन, दोन्ही पंज्यांना प्रत्येकी ५ टक्के, बाकीच्यांना १०-१०. मग हातात चार पैसे आले की शहाणा माणूस आधी छाती झाकणार आणि पंजे शेवटी घेणार. एक हात उघडा टाकून अर्धं बेट हिंडणाऱ्या माझ्या वीराचा हिशेब पक्का होता.

पुढचा हिशेब याहून सुंदर आहे. चिलखतं हलकी, मध्यम आणि जड अशा तीन जातींची, आणि प्रत्येक जातीचं कौशल्य वेगळं. ते वाढतं मार खाऊन. ज्या जातीच्या तुकड्यावर घाव पडतो, त्या जातीचं कौशल्य कणाकणाने चढतं. हे कौशल्य भागिले ३०, गुणिले वस्तूचा मूळ आकडा, म्हणजे त्या वस्तूचं खरं संरक्षण. डेड्रिक हे जड चिलखतांतलं सर्वांत भारी, त्याचा मूळ आकडा ८०. हिरव्या काचेचं चिलखत हलकं, त्याचा ५०. पण हलक्या चिलखताचं कौशल्य ज्याने ९० पर्यंत नेलं, त्याला काच १५० देते. जडाचं कौशल्य ज्याचं ३० वर आहे, त्याला डेड्रिक ८०च देतं. वस्तू किती थोर आहे यापेक्षा ती अंगावर घेऊन तुम्ही किती सोसलंत, याला किंमत. ज्याने हे सूत्र लिहिलं त्याच्याविषयी मला आजही आदर वाटतो. माझ्या वीराचं बोनमोल्ड मध्यम, कातडं हलकं, पोलाद जड. घाव कुठे पडणार ते आपल्या हातात नसतं, म्हणून तिन्ही कौशल्यं थोडी थोडी चढत राहायची आणि पुढे जे सापडेल ते अंगाला चालायचं.

टोपीची हकीकत सांगायलाच हवी. सेडा नीन या पहिल्याच गावातून निघालं की वाटेवर वरून किंकाळी ऐकू येते आणि एक जादूगार आकाशातून पडून तुमच्यासमोर मरतो. त्याचं नाव टारहिएल. त्याच्यापाशी मंत्राच्या गुंडाळ्या सापडतात; मंत्र म्हटला की सात सेकंदांपुरतं उडी मारण्याचं कौशल्य १००० ने वाढतं. वर जाण्याची सोय त्याने केली होती, खाली उतरण्याची केली नव्हती. त्याची टोपी मी घेतली. तिचं संरक्षण नावापुरतं. पुढे बालमोरा शहरात पोचल्यावर चांगलं शिरस्त्राण घेण्याइतके पैसे जमले, दादाने चारदा सांगितलं, पण माझ्याच्याने ती उतरवेना. त्या अनोळखी बेटावर माझ्यासमोर मेलेला तो पहिला माणूस होता.

बूट मला पेमेनी नावाच्या बाईने दिले, ग्नार मोकपर्यंत सोबत केल्याबद्दल. वेग २०० ने वाढतो हे ती सांगते, दृष्टी जाते हे सांगत नाही. त्यावर तोड आहे: जादूला अडवणारा मंत्र आधी म्हणायचा आणि मग बूट घालायचे, म्हणजे अंधार फिका पडतो. ही तोड दादाने शोधली, एका रविवारी, जेवायला बोलावणाऱ्या मावशीला ‘आलो गं आई’ म्हणत म्हणत. त्या दुपारी आम्ही बेटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धुरकट पडद्यातून धावलो. तो आनंद मला अजून अंगात जाणवतो.

जुळलेले पोशाख त्या बेटावर नव्हते असं नाही. व्हिवेक शहरात ऑर्डिनेटर पहारा देतात, इंडोरिल घडणीचं, सोनेरी मुखवट्याचं आणि उंच तुऱ्याचं शिरस्त्राण घालून. इतका रुबाबदार पोशाख तिथे दुसरा नाही. पण ते शिरस्त्राण किंवा छातीचं चिलखत घालून तुम्ही ऑर्डिनेटरशी बोलायला गेलात, की तो तुमच्यावर हत्यार उपसतो. हा पोशाख तुमच्या अंगावर आला तो त्यांच्यातल्या कुणालातरी मारूनच आला असणार, हे त्यांना कळतं. असा विचार करणारे खेळ फार थोडे.

आणि सगळ्यांत मोठा पोशाख म्हणजे डेड्रिक, काळ्या पात्यांचा, आत लाल धग असलेला. छातीच्या एकट्या चिलखताची किंमत ७०,००० सोन्याची नाणी. बेटावर सर्वाधिक नाणी बाळगणारा व्यापारी म्हणजे एक बोलणारा खेकडा, आणि त्याच्याकडे १०,०००. एकेक तुकडा इथे-तिथे सापडतो, पण शिरस्त्राण वगळता पूर्ण जोड एकाच्याच अंगावर असते: डिवेथ फायर, टेल फायरच्या मनोऱ्यात राहणारा हजारो वर्षांचा जादूगार. कथेच्या मध्यावर तुमच्या वीराला कॉर्प्रस जडतो. अंग सुजतं, मन जातं, आणि त्यावर औषध नाही. ज्यांना हा रोग झालेला असतो त्यांना लोक टाळतात. फायर त्यांना आपल्या तळघरात ठेवून घेतो. तिथे ते रोगी तुमच्या अंगावर धावून येतात, पण त्यांना इजा करायची नाही, अशी रखवालदाराची सक्त ताकीद असते. मग फायर तुम्हाला एक औषध देतो आणि आपल्यासमोरच प्यायला लावतो, कारण ते लागू पडेल अशी त्याला स्वतःलाही खात्री नसते. ते लागू पडतं.

त्यानंतर कथेला फायरची गरज उरत नाही. त्याला मारलं तरी पुढचं काही अडत नाही, आणि ती पूर्ण जोड तुमची होते.

दादाने मारलं. सोपं नव्हतं ते. तयारीतच त्याचे बरेच दिवस गेले. त्या रात्री स्क्रीनवर त्याचा वीर उभा राहिला तेव्हा मी खरोखर बघत राहिलो. खांद्यापासून टाचेपर्यंत एकाच घडणीचा.

“आता तू,” दादा उठत म्हणाला. “मी सांगतो कसं करायचं.”

“नको.”

“अरे, काम झालंय त्याचं. औषध प्यालास ना?”

“प्यालो म्हणूनच नको.”

“तो काही खरा माणूस आहे का?”

“मग चिलखत तरी कुठे खरं आहे, दादा?”

त्यावर तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “तुझा माणूस असाच राहणार मग, भंगारवाल्यासारखा.” तसाच राहिला. जगाच्या शत्रूसमोर तो टारहिएलच्या टोपीत उभा राहिला आणि जिंकला. त्याच्या अंगावर जे नव्हतं, तेही त्याच्याविषयी काही सांगत होतं. ज्या खेळात पूर्ण जोड दुकानात मिळते, तिथे हे घडू शकत नाही.

पुढे ‘मॉरोविंड’च्या मालिकेतच नऊ जागा आटत गेल्या. २००६ च्या ‘ऑब्लिव्हियन’मध्ये खांदे छातीत विरघळले, दोन पंज्यांचा एक झाला, ढाल धरून सहा जागा. २०११ च्या ‘स्कायरिम’मध्ये पायांचं कवचही छातीला जोडलं, उरल्या पाच. शिवाय तिथे एकाच जातीची पूर्ण जोड घातली तर संरक्षणात २५ टक्क्यांची भर देणारं कौशल्य आलं, म्हणजे जुळवून घालणाऱ्याला वर बक्षीस. त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये ट्रान्समॉग आलं: आकडे एका वस्तूचे ठेवायचे, दिसायला दुसरी वस्तू. दादा तो खेळ खेळायचा आणि त्याला ही सोय मनापासून आवडली. कारण ‘बर्निंग क्रूसेड’ या त्याच्या विस्ताराच्या काळात, २००७ मध्ये, आऊटलँडच्या नव्या मुलखात पाऊल टाकलं की पहिल्याच कामगिऱ्यांतून जुन्या सेटपेक्षा सरस तुकडे मिळायचे, एक जांभळट, एक शेवाळी, एक नारिंगी, आणि महिनोन्‌महिने खपून जमवलेला रुबाब दोन संध्याकाळांत उतरायचा. त्याची तक्रार मला पटते. तरीही अनोळखी खेळाडूच्या अंगाकडे बघून ‘हा कुठून कुठून आला असेल’ हे ओळखायची जी गंमत होती, ती ट्रान्समॉगने काढून घेतली, आणि तिची मला हळहळ वाटते.

नोकरीने काही काळ मला इंग्लंडात नेलं. तिथे लीड्सच्या रॉयल आर्मरीज संग्रहालयात एक शिरस्त्राण आहे. त्याला मेंढ्याची शिंगं आहेत, चष्मा आहे, दात दिसणारं तोंड आहे आणि हनुवटीवर दाढीचे खुंट कोरलेले आहेत. कुठल्याही खेळात हे दिसलं असतं तर लोक म्हणाले असते, काहीतरीच बनवलंय. ते इन्सब्रुकच्या कोनराड सॉयझनहोफरने १५११ ते १५१४ च्या दरम्यान घडवलं, आणि सम्राट माक्सिमिलियनने इंग्लंडच्या आठव्या हेन्रीला भेट दिलं. त्या काळातल्या अव्वल कारागिराने एका राजासाठी केलेलं काम. मी त्याच्यासमोर इतका वेळ उभा होतो, की शाळेच्या सहलीतली मुलं दोनदा माझ्याभोवतून वळून गेली.

संग्रहालयाच्या लख्ख जोड्या बघून झाल्यावर मला व्हिस्बीविषयी वाचायची ओढ लागली. २७ जुलै १३६१ ला बाल्टिक समुद्रातल्या गॉटलंड बेटावर, व्हिस्बी शहराच्या तटाबाहेर, तिथले शेतकरी डेन्मार्कच्या राजाच्या फौजेपुढे उभे राहिले आणि कापले गेले. हजाराहून अधिक माणसं सामूहिक खड्ड्यांत पुरली गेली, पुष्कळशी चिलखतासकट. विसाव्या शतकात ते खड्डे उकरले तेव्हा कवट्यांभोवती कड्यांच्या टोप्या तशाच होत्या. लोखंडी पट्ट्यांची चिलखतं वेगवेगळ्या घडणींची निघाली, काही तेव्हाही जुनाट झालेली. मेलेल्यांत पोरंही होती आणि म्हातारेही. एका घडणीचं, एका रंगाचं अंगभर चिलखत ही राजाची ऐपत. शेतावरून उठून आलेला माणूस जे हाती लागलं ते बांधून तटाबाहेर गेला. ते वाचताना मला माझ्या वीराचे दोन वेगळे खांदे आठवले, आणि वाटलं, खेळ बनवणाऱ्यांनी विजोडपणाला दोष समजून तो दुरुस्त करत जायला नको होतं.

आता माझी मुलगी ‘मॉरोविंड’ खेळते. तिने आर्गोनियन निवडला आहे, सरड्याच्या कुळातला. त्याच्या पायात बूट चढत नाहीत आणि लांब थुतरीमुळे बंद शिरस्त्राण बसत नाही. पूर्ण जोड तिला पहिल्या दिवसापासूनच बंद. त्यामुळे तिचं सगळं लक्ष खांद्यांवर असतं. परवा ती विचारत होती, “बाबा, उजव्या खांद्याला बोनमोल्ड घेऊ की जड एबनी परवडेपर्यंत थांबू?” मी म्हटलं, मार कुठल्या जातीवर जास्त पडतोय ते बघ, त्याप्रमाणे ठरव. तिने कौशल्यांचं पान उघडून आकडे वाचले आणि बोनमोल्ड घेतलं. मग वरून एक मळकट निळा झगा चढवला, कारण त्यावर मंत्र होता, आणि स्क्रीनचा फोटो दादाला पाठवला.

त्याचं उत्तर लगेच आलं: फायरकडे पोचलीस की मला फोन कर.

“फायर कोण?” तिने विचारलं.

“डॉक्टर आहे,” मी म्हणालो. “त्याचं औषध पी, आणि काकांना फोन करायच्या आधी माझ्याशी बोल.”